उशिरा उमटलेली लाल रेघ

मित्रांनो, मी एक जुना टॅब आहे. माझी काच एका कोपऱ्यात तडकली आहे आणि पाठीवर कागदाची चिठ्ठी चिकटवली आहे. तिच्यावर लिहिलंय 'नादुरुस्त'. त्या शब्दाचा मला संताप येतो. का येतो, ते ऐका.

माझ्या जन्मात काही कौतुक नाही. माझ्यासारखे हजारो त्याच दिवशी कारखान्यातून बाहेर पडले. माझं खरं आयुष्य सुरू झालं ते रस्ते आणि नळांच्या दुरुस्तीच्या कार्यालयात, मोजणीच्या ताईंच्या हाती आल्यावर. त्यांनी माझ्यात शहराचा नकाशा भरला. एक नव्हे, एकावर एक ठेवलेले कितीतरी. तळाला रस्ते, त्यांवर घरं, मग पाण्याचे निळे नळ आणि सर्वांत वर जमिनीखालच्या विजेच्या लाल तारा. ज्या थरापुढे खूण करावी तो दिसे, खूण काढली की लपे. तारांचा थर ताईंनी स्वतः केला होता. तीन उन्हाळे मला हातात धरून त्या गल्लोगल्ली चालल्या, घाम माझ्या काचेवर पडला की ओढणीने पुसत राहिल्या.

माझी एक खोड ताईंना पक्की ठाऊक होती. गल्लीबोळांत नेटवर्क नसे, म्हणून प्रत्येक थर निघण्याआधी कार्यालयातच माझ्यात उतरवून घ्यावा लागे. तारांचा थर जड, चांगला अर्धा तास खाई. तो उतरला नसेल, तर नावापुढे खूण दिसे, पण रेघ एकही दिसत नसे. जिथे खरंच काही नाही ती जागा आणि जिथलं मला दिलेलंच नाही ती जागा, दोन्ही सारख्याच कोऱ्या. म्हणून कार्यालयाच्या फाटकाखालून जाणारी तार पडद्यावर दिसल्याशिवाय ताई बाहेर पाऊल टाकत नसत.

खोदकामावरचे काका म्हणायचे, "ताईंचं यंत्र सोबत आहे ना? मग बिनघोर मारा पहार." एवढी शाबासकी मला दुसऱ्या कुणी दिली नाही.

पुढे ताईंना आतल्या टेबलावर बसवलं आणि मी नव्या साहेबांकडे गेलो. एके सकाळी एका गल्लीत नळ फुटला. फोनवर फोन येऊ लागले. मी तारांचा थर उतरवत होतो, निम्मासुद्धा झाला नव्हता, तेवढ्यात साहेबांनी मला उचलून बगलेत मारलं.

गल्लीत पाणी वाहत होतं. काकांनी बाजूच्या दिव्याच्या खांबाकडे पाहिलं. "साहेब, इथं खालून तार गेली नसेल ना?"

"हे बघा, तारांपुढे टिक आहे. दिसतेय का एक तरी रेघ? यंत्र कधी खोटं बोलतं का? करा सुरू."

काका वाकले, माझ्या पडद्याकडे नीट पाहिलं आणि मान डोलावली. साहेबांवर त्यांचा भरवसा नव्हता, माझ्यावर होता. मला तोंड असतं तर मी बोंब मारली असती.

चौथ्या घावाला पहार तारेत घुसली. काका जगले, पण त्यांचा उजवा हात मनगटापासून काढावा लागला.

चौकशीसाठी मला कार्यालयात टेबलावर ठेवलं. तिथे नेटवर्क होतं. अर्धवट राहिलेला थर मी मुकाट्याने पुरा उतरवला, आणि सगळ्यांच्या देखत लाल रेघ उमटली, बरोबर त्या खड्ड्यावरून.

"बघा, आता दाखवतोय!" साहेब ओरडले. "तेव्हा दाखवत नव्हता. बिघडलाय हा."

"बिघडला नाही," ताई म्हणाल्या. "थर उतरवलाच नव्हता. निघताना फाटकाची तार पाहिली होती का तुम्ही?"

जबाब लिहून घेणाऱ्या कारकुनाचं पेन थांबलं, आणि पुन्हा चाललं तेव्हा त्याने माझ्याच नावापुढे 'नादुरुस्त' लिहिलं. नाचता येईना, अंगण वाकडे, दुसरं काय! साहेबांना नवा टॅब मिळाला आणि मी कपाटात गेलो.

दोन महिन्यांनी काका ताईंकडे आले. "मला एकदा बघायचंय," एवढंच म्हणाले. ताईंनी मला बाहेर काढून ती गल्ली उघडली. काकांनी डाव्या हाताचं बोट त्या लाल रेघेवर ठेवलं आणि हळूहळू या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं.

"किती ठळक आहे हो," ते म्हणाले. "मी तर विचारलंही होतं."

ताईंनी ओढणीने माझी काच पुसली.

मित्रांनो, यंत्राची काच पुसा, त्याला पाण्यापासून जपा, हे तुम्हाला कुणीही सांगेल. मी वेगळंच सांगतो. कोरा पडदा पाहून दुसऱ्याला खड्ड्यात उतरवायचं असेल, तर पहिला घाव स्वतःच्या हाताने घाला.