वैष्णवीच्या ताटातून काय काय गेलं

"खाजवू नको!"

हे दोन शब्द अजिनाथच्या घरात दिवसातून इतक्या वेळा उच्चारले जात, की तितक्या वेळा देवाचं नाव घेतलं असतं तर घरातली भांडीसुद्धा मोक्षाला गेली असती. पोर उठली की "खाजवू नको". शाळेला निघाली की "खाजवू नको". झोपेत हात हलला तरी आई दचकून उठायची आणि तेच म्हणायची. खाज मात्र कोणाचं ऐकत नव्हती.

अजिनाथची वैष्णवी नऊ वर्षांची, चौथीत शिकणारी. कोपरांच्या लवणीत आणि गुडघ्यांच्या मागे तिला इसब होता. कातडी लाल व्हायची, फुटायची, पाणी सुटायचं आणि वाळली की जुन्या गोणपाटासारखी खरबरीत व्हायची. दहा घरं हिंडलात तर एका घरात तरी दिसेल असं हे दुखणं. पण अजिनाथचा मांजरसुंब्याच्या चौकाजवळ ढाबा होता, आणि तिथंच सगळा घोटाळा झाला.

मांजरसुंब्याला चारी दिशांनी गाड्या येतात. प्रत्येक गाडीत ड्रायव्हरच्या शेजारी एक न शिकलेला वैद्य बसलेला असतो, हे सरकारला अजून माहीत नाही. आणि अजिनाथचा पंधरा वर्षांचा नेम असा, की गिऱ्हाइकाला 'न्हाई' म्हणायचं नाही. एकदा एका ट्रकवाल्यानं मासे मागितले. ढाब्यात माशाचा काटाही नव्हता. हा बहाद्दर "हाय ना, बसा," म्हणून फटफटीवर थेट माजलगावच्या धरणावर गेला. मासे येईपर्यंत ट्रक सोलापूर ओलांडून कर्नाटकात पोहोचला होता. पण अजिनाथच्या तोंडून 'न्हाई' निघालं नव्हतं!

मासे मागणाऱ्याला जो मान, तोच सल्ला देणाऱ्याला. ऑर्डर म्हणजे ऑर्डर.

पहिली ऑर्डर एका टँकरवाल्याची. वाटीभर दही भुरकत तो म्हणाला, "पोरीचं दूध-दही तोडा मालक. माझ्या मेव्हण्याच्या पोराला असंच झालं होतं."

"हाय ना, तोडतो," अजिनाथ म्हणाला, आणि दूध-दही गेलं.

मग भरीत चापत एकानं वांगं काढलं. गेवराईच्या एका अडत्यानं खिसा भरून शेंगदाणे घेतले आणि जाता जाता पोरीचे शेंगदाणे बंद केले. अंडी गेली, गूळ गेला, चिंच गेली. तूर उष्ण म्हणून तूर गेली. पुण्याच्या गाडीतल्या एका बाईनं तिसरी पोळी मोडत गहू किती वाईट असतो ते इतकं पटवलं, की त्या दिवसापासून पोळीही गेली. नवल असं, की जो तो नेमकं तेच खात होता जे तो पोरीच्या ताटातून काढत होता.

त्यात भारतसर आले. हे चौसाळ्याला पूर्वी गणिताची शिकवणी घ्यायचे. आता टाय बांधून सोनेरी डबे विकत. "अजिनाथराव, रोग कातडीचा न्हाईच. रक्तात घाण हाय. ही पावडर, ह्या गोळ्या आन् हे थेंब. सहा महिन्यांत पोरगी आरशासारखी होती का न्हाई बघा!" डबे आले. मग एका मेडिकलवाल्यानं बिनचिठ्ठीचं मलम दिलं, खाज घालवणारं आणि वर रंगही उजळवणारं. तीन दिवसांत डाग पुसले! अजिनाथ गल्ल्यावर बसून जो तो येईल त्याला सांगू लागला, "गुण आला बघा!" मलम थांबलं की डाग दुपटीनं यायचे, म्हणून मलम थांबलंच नाही. हातांना लागलं, मानेला लागलं, गालांनाही लागलं. चार महिन्यांत पोरीच्या गालाची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी झाली. आतल्या बारीक शिरा मोजून घ्याव्यात.

बायको सुकन्या एकदा परात आपटून म्हणाली, "काय वाढू मी लेकराला? तुमच्या गिऱ्हाइकांनी काय शिल्लक ठेवलंय?"

"कळ काढ जरा. पथ्य हाय ते."

"पथ्य? सकाळी मुगाचं पाणी, सांजच्याला मुगाचं पाणी. ती दप्तर उचलंना झाली, दिसतंय का?"

"तुला काय कळतंय ह्यातलं?"

तिला काय कळत होतं ते तिनं सांगितलं नाही. ऐकणाराच नव्हता.

शाळेतल्या खिचडीलाही मनाई झाली. अजिनाथनं गुरुजींना तशी चिठ्ठीच दिली. सगळी पोरं पंगतीला बसायची तेव्हा वैष्णवी भिंतीकडे तोंड करून डबा उघडायची. मुली म्हणायच्या, "हिच्याजवळ बसू नका गं, लागतं." वैष्णवी घरी हे कधी बोलली नाही. बोलली असती तर बापानं पंगतही तोडली असती.

मग तो शनिवार आला.

सकाळची शाळा सुटून वैष्णवी ढाब्यावर आली होती. दुपारची गर्दी ऐन भरात. पाणी संपलं म्हणून अजिनाथ मागच्या हौदाकडे गेला आणि जागच्या जागी थबकला. खरकट्या ताटांच्या टोपलीपाशी वैष्णवी उकिडवी बसली होती. कोणा ड्रायव्हरनं टाकलेली अर्धी पोळी ती शेवभाजीच्या रश्शात बुडवत होती. दह्याची वाटी बोटानं पुसून बोट चाटत होती. डोळे मिटून, घाईघाईनं, पळत असल्यासारखी खात होती.

"वैष्णवे!"

पोर उठली नाही. घास मात्र भराभर गिळला.

"चार महिने जीव काढला गं सगळ्यांनी! आन् तू उष्टं खातीस?" अजिनाथचा हात उठला आणि सणसणीत गालावर बसला. पातळ कातडीवर चार बोटं टरारून उमटली. एका जागी रक्तही आलं.

वैष्णवी रडली नाही. तिनं गालाला हात लावला आणि अगदी हळू विचारलं, "बाबा, हे फेकायचंच होतं ना? फेकायचं खाल्लं तर पथ्य मोडत न्हाई ना?"

एवढं बोलून ती टोपलीवरच कोसळली.

ढाब्यात एकच गलका झाला. "कांदा फोडा!" "पायाला राख चोळा!" "बाहेरचं असंल, लिंबू उतरवा!" बारा माणसं आणि बारा उपाय! अजिनाथ पहिल्यांदाच कोणाचं ऐकायला थांबला नाही. पोर खांद्यावर टाकून तो गावातल्या आरोग्य उपकेंद्राकडे धावला. मागं ढाब्याच्या चुलीवरून उठून, पदर सावरत सुकन्या.

उपकेंद्रात पंचशीलाताई होत्या. पांढऱ्या कोटातल्या, चष्म्यातल्या, आवाजात धार असलेल्या नर्सबाई. त्यांनी पोरीला झोपवलं, पाय उशीवर ठेवले. नाडी, रक्तातली साखर, सगळं बघितलं. पोरीनं डोळे उघडले तसं मीठ-साखरेचं पाणी चमच्या-चमच्यानं पाजलं. मग काट्यावर उभं केलं आणि शाळा-तपासणीची वही काढली.

"दादा, मागच्या वर्षी ही चोवीस किलो होती. आता वीस हाय. वाढायच्या वयात लेकरू चार किलोनं घटलं. सकाळी काय खाल्लं हिनं?"

"मुगाचं पाणी."

"काल?"

"मुगाचंच. पथ्य हाय ना, ताई."

"कोणत्या डॉक्टरनं सांगितलं?"

अजिनाथ सांगू लागला. दूध टँकरवाल्यानं, शेंगदाणे अडत्यानं, गहू पुण्याच्या बाईनं, गूळ एका बसकंडक्टरनं, मीठ कमी करायचं कोणी ते आठवत नव्हतं. सांगता सांगता त्याचा आवाज खाली खाली गेला. एवढी मोठी यादी. तीत डॉक्टर एकही नव्हता.

"म्हंजे लेकरू तुमचं, आन् पथ्य सगळ्या हायवेचं!" पंचशीलाताई कडाडल्या. "त्यातल्या एकानं तरी परत येऊन इचारलं का हो, पोरगी कशी हाय म्हणून?"

अजिनाथनं पोरीला बाकावर आपल्याजवळ बसवून घेतलं.

"जूनमध्ये मी तुमच्या दारात आलते. काय सांगितलं होतं?"

"आंघोळ कोमट पाण्यानं… अंग ओलसर हाय तवरच व्हॅसलिन लावा… साबण कडक नको, कापडं सुती घाला… आन् बीडला कातडीच्या डॉक्टरला दाखवा."

"केलं?"

केलं नव्हतं. अजिनाथ तेव्हाही "हाय ना, करतो" म्हणाला होता आणि विसरला होता. का विसरला, ते त्याला त्या बाकावर बसल्या बसल्या उमगलं. एक तर सांगितलेलं औषध इतकं साधं, की त्याचा भाव वाटेना. आणि दुसरं, सुकन्याच्या समोर उच्चारायचीही लाज वाटेल असं: पंचशीलाताई याच गावच्या बौद्ध वस्तीत वाढलेल्या. परमुलखातल्या ड्रायव्हरचं ऐकताना अजिनाथला कमीपणा वाटला नव्हता. शिकलेल्या, सरकारी नोकरीतल्या, आपल्याच गावच्या लेकीचं ऐकताना वाटला होता!

ताईंना ते ठाऊक होतं. त्या त्यावर काही बोलल्या नाहीत. आणि त्या न बोलण्यानं अजिनाथची मान जेवढी खाली गेली, तेवढी शिव्यांनी गेली नसती.

"ऐका," त्या म्हणाल्या. "इसब लागट न्हाई. शिवल्यानं होत न्हाई, पंगतीला बसल्यानं होत न्हाई. रक्तात घाण-बिण काय नसती. कातडी मुळातच कोरडी, नाजूक असती; तिला तेल-व्हॅसलिनचा ओलावा रोज लागतो. तुमी लावलेलं मलम लई कडक असणार. ते डॉक्टरच्या नजरंखाली, ठरलेले दिवस लावायचं असतं. चार महिने तोंडाला फासायचं न्हाई. आन् खाणं? एखाद्या लेकराला एखादा पदार्थ बाधतोही. पण कोणता, ते डॉक्टर बघून ठरवतील. चौक न्हाई ठरवणार. मी नर्स हाय, चिठ्ठी लिहायचा अधिकार माझा न्हाई. मी माझी पायरी वळखते. तुमच्या गिऱ्हाइकांनाच तेवढी वळखू येत न्हाई."

सोमवारी तिघं बीडला गेले. कातडीच्या डॉक्टरांनी मलमाची नळी हातात धरली, पोरीचा गाल उजेडाकडे वळवून बघितला आणि नळी बाजूला ठेवली. मग नवं औषध लिहून दिलं, जुनं मलम हळूहळू कसं सोडायचं ते समजावलं. दूध, अंडी, डाळी, पोळी, सगळं पुन्हा सुरू करायला सांगितलं. काही खाऊन दरवेळी त्रास झाला तर तेवढं कळवायचं. भारतसरांचे डबे परत पिशवीत सरकवत ते म्हणाले, "ह्यांनी इसब जातो असा भरवशाचा पुरावा नाही."

"आन् डॉक्टरसाहेब, पूर्ण बरी कवा होईल?"

"मोठेपणी कमी होईल कदाचित. जाईलच असं सांगत नाही. काळजी घेतली तर आटोक्यात राहील."

पूर्ण बरं करायचं वचन चार महिन्यांत वीस जणांनी दिलं होतं. ते न देणारा हा पहिलाच.

पुढच्या आठवड्यात भारतसर नवा डबा घेऊन ढाब्यावर हजर. "अजिनाथराव, कोर्स मधीच सोडला तर घाण पुन्हा—"

"न्हाई."

"आँ?"

"न्हाई म्हणालो! च्या घ्या आन् निघा."

भजी तळणाऱ्या माणसाचा झारा हवेतच राहिला म्हणतात!

दिवाळी सरली. व्हॅसलिनची डबी वैष्णवीच्या दप्तरात जाऊन बसली. पंचशीलाताईंनी शाळेत येऊन सगळ्या पोरींसमोर तिचा हात हातात घेतला, आणि तिला तिची पंगत परत मिळाली. वजन चढलं. हात-पाय निवळले. गालांना मात्र अजून ऊन सोसत नाही. तिथली कातडी पहिल्यासारखी कधी होईल, ते डॉक्टरही सांगत नाहीत.

आणि एक गोष्ट राहूनच गेली. चौसाळ्याला अजिनाथच्या भाचीचं लग्न होतं. वाढप्यानं वैष्णवीच्या ताटात लाडू ठेवला. शेजारच्या पोरींनी आपापले लाडू फोडले. वैष्णवीनं हात मागं घेतला, मान वर केली आणि अख्ख्या मांडवात नजर फिरवत राहिली. बाप दिसेपर्यंत. दोनशे माणसांपलीकडून तिनं नुसत्या भुवया उंचावून विचारलं, खाऊ का?

अजिनाथनं मान हलवली. मग तोंड फिरवून मांडवाच्या खांबाला टेकून उभा राहिला.

मंडळी, औषध सांगायला आपल्याला शिक्षण लागत नाही, पैसा लागत नाही, आणि ते सोसायचं असतं दुसऱ्याच्या लेकरानं. म्हणून आपण ते इतकं सढळ हातानं सांगतो. लेकराच्या ताटातला पदार्थ डॉक्टरनं तपासून सांगितल्याशिवाय काढू नका. दुकानातून हाताला येईल ती नळी त्याच्या अंगाला लावू नका. आणि जाणत्याचं ऐकताना त्याची वस्ती विचारू नका. उद्या कुठं कोणाचं लेकरू अंग खाजवताना दिसलं, तर उपाय सांगायला तोंड उघडण्याआधी त्याच्या बापाला एवढंच विचारा: लेकरू जेवलंय का?