माझ्या पोटातली भागुबाईंची हाक

मित्रांनो, मी एक जुनी हार्ड डिस्क आहे. जुनी म्हणजे वयानं नव्हे. पोळ्याला नव्या लॅपटॉपमध्ये बसून नाशिक रोडच्या एका घरात आले आणि दसऱ्याला म्हातारी झाले. माणसांना याला साठ वर्षं लागतात. तुमचं सगळंच सावकाश.

माझ्या पोटात आरशासारखी तबकडी मिनिटाला हजारो गिरक्या घेई. तिच्यावर एक सुई, केसाहूनही कमी अंतर राखून, न टेकता तरंगे. मला माझंच नवल वाटायचं. मग भागुबाई भेटल्या आणि ते नवल किरकोळ ठरलं.

भागुबाई स्टेशनाबाहेर फुलं विकत. त्यांच्या घशाचं ऑपरेशन ठरलं होतं. आवाज जाणार, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. त्यांचा मुलगा गोरक्ष ओझरच्या कारखान्यात फिटर. त्याने लॅपटॉप आईपुढे ठेवला.

"आई, एकदा हाक मार. रोजच्यासारखी."

"घरात? गिऱ्हाईक कुठंय?"

"मी आहे ना."

"तू फुकट नेणारा. तू कसलं गिऱ्हाईक!"

मग त्यांनी पदर खोचला आणि हाक मारली, "झेंडू घ्या, शेवंती घ्या, देवाला ताजी फुलं घ्या होऽऽ!" शेजारची मांजर पळाली. मित्रांनो, एवढा मोठा आवाज माझ्या तबकडीवरच्या धुळीएवढ्या कणांत जाऊन शहाण्या मुलासारखा बसला! मी थक्क झाले.

ऑपरेशन झालं. आवाज गेला. भागुबाई स्टेशनावर जाईनात. गोरक्षने आग्रह केला की गळ्याकडे बोट दाखवत आणि भिंतीकडे तोंड करून बसत. हाकेशिवाय फुलं कशी विकायची?

दसऱ्याला घरातली हत्यारं पूजेला मांडली. तराजू, हार ओवायची सुई, गोरक्षचे पाने आणि मी. झाकणावर कुंकवाचं स्वस्तिक निघालं. गोरक्षचे मामा खंडेराव म्हणाले, "हे बंद का ठेवलंय? झोपलेल्याला कुणी नमस्कार करतं का? चालू कर!"

मला उठवलं. तबकडी वेगात आली आणि मामांनी माझ्याच टेबलाच्या कोपऱ्यावर नारळ आपटला. एका घावात फुटला. खोबरं गोड होतं म्हणतात. माझी तरंगती सुई मात्र तबकडीवर आदळली.

मी टक् टक् करू लागले.

दुकानदार फोनवर म्हणाला, "वॉरंटीत आहे, नवी बदलून देतो. जुनी परत द्या. आतलं काही मिळणार नाही."

"फुकटात नवी! आणखी काय पाहिजे?" मामा खुशीत.

गोरक्षची बायको शुभांगी म्हणाली, "मामा, आईंचा आवाज नवा मिळतो का कुठल्या दुकानात?"

मामांचा घास तोंडातच राहिला.

शुभांगीने पेन ड्राइव्ह लावला. टेबल हलू नये म्हणून कुणी चालेना. मामांनी शिंक दाबली. दाबलेली शिंक एवढी मोठी असते, हे मला ठाऊक नव्हतं. हाकेचा एकेक कण माझी सुई चाचपडत शोधी, हुके, पुन्हा शोधी. भागुबाईंनी झाकणावर हलकेच तळहात ठेवला, जसा तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात. मला शेवटचा कण सापडला.

शुभांगीने पेन ड्राइव्ह टीव्हीखालच्या प्लेअरला जोडला. घरभर हाक घुमली, "देवाला ताजी फुलं घ्या होऽऽ!"

भागुबाईंचे ओठ हाकेबरोबर हलत होते. तेवढ्यात खालून रस्त्यावरचा एक माणूस ओरडला, "मावशी, आलात का परत? अर्धा किलो झेंडू द्या!"

भागुबाई उठल्या, खिडकीत गेल्या आणि ऐटीत हातानेच सांगितलं: उद्या, सकाळी, तिकडे स्टेशनावर.

मी हे पाहिलं आणि मग थांबले. मित्रांनो, आता मी दुकानदाराच्या खोक्यात असते. माझ्या जागी नवी आली, यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. आमच्या बदली दुसरी मिळते. ज्याच्या बदली काही मिळत नाही, त्याची आणखी एक प्रत आजच काढून ठेवा. आणि नारळ अंगणात फोडा.