बाईजाचं नाय

तिसरी भाकरीही परातीतून उचलताना फाटली, तेव्हा दारातल्या खाटेवरून बाईजा म्हणाली, "नाय."

"दिसतंय मला," लडकू म्हणाला. "आंधळा नाय झालो अजून."

त्याने फाटलेलं पीठ पुन्हा गोळा केलं. हात कोपरापर्यंत पांढरे झाले होते आणि तव्यातून धूर निघायला लागला होता. बाईजाने डावा हात वर करून बोटं दोन-तीनदा मिटली-उघडली. लडकूला काही कळेना. त्याने पिठाचा डबा दाखवला. "नाय." मिठाची बरणी दाखवली. "नाय." पाण्याचा तांब्या दाखवला, तेव्हा ती काही बोलली नाही, पण फुंकर घातल्यासारखे ओठ करत राहिली.

"गरम?" लडकू म्हणाला. "पाणी गरम पायजे?"

बाईजा गप्प झाली. कपाळावरची आठी गेली.

त्याने पातेल्यात पाणी उकळलं, मीठ टाकलं, पीठ वैरलं, झाकण ठेवून वाफ आणली. उकड परातीत काढून हात भाजत भाजत मळली. चौथी भाकरी धड गोल नव्हती, एका कडेला जाड होती, पण अख्खी तव्यावर गेली आणि टम्म फुगली. लडकू उलथनं हातात धरून नुसता बघत राहिला, आणि तेवढ्यात ती खालून करपली.

"नाय," बाईजा म्हणाली. या वेळी तिच्या ओठांचा चांगला कोपरा हलला.

लडकू विशे एकतीस वर्षं शेणव्याच्या भातगिरणीत कामाला होता. मुठीत तांदूळ घेऊन तो कुठला, नवा की जुना, हे तो न बघता सांगायचा. त्याच तांदळाचा भात करायला पाणी किती घालायचं, हे मात्र त्याला चौसष्टाव्या वर्षापर्यंत माहीत नव्हतं. कशाला माहीत असेल? ताट समोर यायचं.

ज्येष्ठात, रोपांसाठी राब भाजलेल्या शेताच्या तुकड्यात भाताचं बी टाकताना त्याची बायको बाईजा कोसळली. आधी शहापूरचं हॉस्पिटल, मग तिथून ठाण्याचं. अठरा दिवसांनी घरी आली ती उजवा हात, उजवा पाय आणि सगळी वाचा गमावून. एक शब्द तेवढा उरला होता. तहान लागली तरी नाय, गाय हंबरली तरी नाय, शेजारची भागी बघायला आली तरी नाय.

"असं होतं कधीकधी," डॉक्टर अनिलला म्हणाले होते. "एखादाच शब्द शिल्लक राहतो. त्याचा अर्थ लावत बसू नका."

अनिलने, त्यांच्या एकुलत्या एक मुलाने, ते लक्षात ठेवलं. तो कल्याणला एका कुरिअर कंपनीत होता.

पहिले आठ दिवस भागीने डबा दिला. भागीच्या हाताला चव होती, पण बाईजा दोन घासांनंतर तोंड मिटून घ्यायची. लडकूला वाटलं, तिला भूकच राहिली नाही. नवव्या दिवशी त्याच्या लक्षात आलं की ती डब्याकडे बघतच नाही, थंड पडलेल्या चुलीकडे बघते. त्या संध्याकाळी त्याने खाट ओढून स्वयंपाकघराच्या दारात लावली आणि भागीला सांगितलं, "उद्यापासून डबा नको."

"अवो भावजी, तुमी काय करनार?"

"शिजवनार."

"तुमाला येतंय काय?"

"हिला येतंय ना."

मग एकेक शिकणं सुरू झालं. पेजेत कण्या किती, चटणीत लसूण कधी. आषाढात त्याने बांधावरून टाकळा आणला आणि देठांसकट चिरून टाकला. बाईजाने घास तोंडातच धरला आणि त्याच्याकडे असं बघितलं की त्याने मुकाट्याने थुंकायला वाटी पुढे केली. दुसऱ्या दिवशी तिने डाव्या हाताच्या नखांनी एक पान खुडून दाखवलं. नुसता कोवळा शेंडा, बाकी नाही. भाद्रपदात त्याने चिंबोऱ्यांचा रस्सा केला, तेव्हा तिने नांग्या वेगळ्या काढून कुटायला लावल्या आणि ते पाणी गाळून रश्शात ओतायला लावलं. हे सगळं एका शब्दावर. तो एकेक वस्तू उचलून दाखवायचा, ती नाय म्हणायची, आणि जिथे ती गप्प राहील ते बरोबर.

गावात बोलणं व्हायचंच. एकदा तो दुकानात हिंग घ्यायला गेला, तर बाकड्यावर बसलेला सुदाम मोठ्याने म्हणाला, "काय लडकूशेट, आज काय मेनू?"

बाकडं हसलं.

"टाकळा," लडकू म्हणाला. "डाळ घालून. तुला जमंल?"

"आपल्याला काय गरज? बायको हाय."

"ती माहेरी गेली का तू चार दिस पाव खाऊन ऱ्हातोस. सगळ्या गावाला म्हायती हाय." लडकूने हिंगाची डबी खिशात घातली. "ये एकदा. मी शिकवतो. बांगडी नाय भरत हातात, घाबरू नको."

आश्विनात लडकूला ताप भरला. दोन दिवस तो उठू शकला नाही, आणि भागीलाच दोघांना भरवावं लागलं. तिने काळजीपोटी अनिलला फोन केला. तेव्हाच अनिलने मनाशी ठरवलं होतं.

पौषातल्या एका रविवारी सकाळी तो रुपालीला घेऊन आला. रुपाली त्याची बायको. भाड्याची गाडी अंगणात उभी राहिली. अनिलच्या हातात मोठी रिकामी बॅग होती.

बाईजा खाटेवर उशीला टेकून बसली होती. मांडीवर सूप, सुपात मोड आलेले वाल. थंडीत वालांना मोड यायला दोन रात्री लागल्या होत्या. लडकूने पुरचुंडी फळीवर ठेवली तेव्हा नाय, खिडकीत ठेवली तेव्हा नाय, चुलीच्या ओट्याला लागून ठेवली तेव्हा ती निवांत झोपली होती. आता कोमट पाण्यातून काढलेले वाल ती डाव्या हाताच्या दोन बोटांनी दाबायची आणि सालातून डाळिंबी सुळकन बाहेर यायची.

"बाबा, मी आज आईला न्यायला आलोय," अनिलने चहा संपायच्या आत सांगितलं. "एक बाई बघितलीय, दिवसभराची. हॉस्पिटल पाच मिनिटांवर हाय. तुमीपन चला. नाय तर मागनं या."

"आणि हितं?"

"हितं काय हाय? तुमाला दोन दिस ताप आला तर आई उपाशी."

"उपाशी नव्हती. भागी होती."

"दरवेळी भागीकाकू असंल काय?" अनिलचा आवाज चढला. "आणि लोक मला बोलतात, बाबा. परवा लग्नात भेटले सगळे. बाप म्हातारपनी भाकऱ्या थापतो नि पोरगा कल्यानला बसलाय. मला मान वर करायला जागा नाय."

लडकू चुलीपाशी लसूण ठेचत होता. त्याने बत्ता बाजूला ठेवला.

"बेचाळीस वर्षं हिनं थापल्या," तो म्हणाला. "तवा तुला कोनी बोललं?"

रुपाली खाली बघू लागली.

"मी सात म्हयने थापल्या तर तुझी मान खाली गेली. घाल खाली. मी नाय घालायचा."

"मी तुमच्याशी भांडायला नाय आलो."

"मग हिला विचार. न्यायचंय हिला, नि बोलतोस माझ्याशी."

अनिल खाटेजवळ उकिडवा बसला. आईच्या मांडीवरचं सूप त्याने हळूच बाजूला सरकवलं. "आई, माझ्याकडं येतेस ना? कल्यानला?"

"नाय," बाईजा म्हणाली.

अनिलने मान हलवली. हेच उत्तर येणार हे त्याला माहीत होतं. "बरं. मग हितंच पडून ऱ्हायचंय?"

"नाय."

"बघा!" तो वळला. त्याच्या आवाजात जिंकल्याचा आनंद नव्हता, उलट डोळे भरून आले होते. "बघितलंत? काय बी विचारा, नायच बोलते. डॉक्टरनी सांगितलंय ना, बाबा. तिच्या नायला अर्थ नाय. तुमी उगाच मनानं अर्थ लावता."

"पडून कोनाला ऱ्हायचंय?" लडकू म्हणाला. "तुला ऱ्हायचंय? ती सकाळधरनं वाल सोलते. तू तिला पडून बोललास."

"बाबा..."

"थांब जरा. बस तिथं."

लडकूने पातेलं चुलीवर चढवलं. तेल, मोहरी, हिंग, ठेचलेला लसूण. हळद-तिखट टाकून त्याने सुपातल्या डाळिंब्या हलक्या हाताने सोडल्या आणि पळी न लावता पातेलंच दोन्ही कडांना धरून हलवलं. शेजारी आधण ठेवलेलं पाणी ओतलं. मग बरणीतून दोन आमसुलं काढून त्याने बाईजाला दाखवली.

"टाकू?"

"नाय." लगेच, जोरात.

"बघितलंस?" लडकू अनिलला म्हणाला. "ध्यानात ठेव."

त्याने झाकण ठेवून वर पाणी ओतलं. चुलीत ढलपी फुटत होती. ड्रायव्हर दाराशी येऊन परत गेला. रुपाली हळूच आत येऊन जमिनीवर बसली. थोड्या वेळाने लडकूने झाकण काढलं, एक डाळिंबी पळीवर घेऊन बोटाने दाबली. ती मऊ झाली होती, पण फुटली नव्हती. त्याने तीच दोन आमसुलं पुन्हा पुढे धरली.

"टाकू?"

बाईजा काही बोलली नाही. पातेल्याकडे बघत राहिली.

त्याने आमसुलं टाकली. मग गुळाचा खडा दाखवला. ती गप्प. दुसरा खडा उचलला.

"नाय."

दुसरा खडा डब्यात परत गेला.

"आंबट आधी टाकलं तर वाल शिजत नाय, दडदडीत ऱ्हातात," लडकू म्हणाला. "मला नव्हतं म्हायती. हिनं शिकवलं. श्रावनात एकदा मी ऐकलं नाय, सगळं वालाचं बिरडं गायीला घातलं." त्याने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. "डॉक्टरला बोल, यायचं नि हिच्या पुढ्यात एकदा शिजवायचं. मग सांग मला, अर्थ नाय."

खाटेच्या कडेला टेकून अनिलने आईचा उजवा, निर्जीव हात हातात घेतला. "आई," तो म्हणाला, आणि थांबला. शब्द नीट निवडावे लागत होते त्याला. "आई, तुला... हितं बाबांबरोबर ऱ्हायचंय?"

बाईजाने त्याच्याकडे बघितलं. बाहेर कोंबडी ओरडत होती. ती काही बोलली नाही. डाव्या हाताने तिने सूप पुन्हा मांडीवर ओढून घेतलं. त्यात तळाशी न सोललेले थोडे वाल राहिले होते. ती ते सोलू लागली.

अनिल उठून बाहेर गेला. पडवीच्या खांबाला धरून पाठमोरा उभा राहिला. रुपालीने डोळ्यांना पदर लावला, मग तो कमरेला खोचला आणि परात पुढे ओढली.

"उकड काढू का, बाबा? माझी भाकरी फाटते नेहमी."

"पानी कडकडीत घे," लडकू म्हणाला. "नि हात भाजला तरी सोडू नको."

लडकूने सगळ्यांना जेवायला वाढलं. ड्रायव्हरला बोलावलं, तोही जेवला. चार भाकऱ्या खाऊन तो म्हणाला, असं बिरडं त्याने आजीच्या हातचं खाल्लं होतं, त्यानंतर आजच. अनिलने दोनदा वाढून घेतलं. आईला भरवायला त्याने घास उचलला, पण तिने डाव्या हाताने आपली ताटली जवळ ओढली, आणि मग तो नुसता बघत बसला. ती सांडत जेवत होती, पण स्वतःच्या हाताने जेवत होती.

निघताना तो अंगणात थांबला. "ताप आला तर?"

"फोन करीन."

"नक्की करनार? का भागीकाकूनंच सांगायचं?"

"मी करीन. तू ये नि चूल पेटव. मी खाटेवरनं सांगीन."

"मला कुठं येतंय?"

"मला तरी कुठं येत होतं?"

अनिल हसला नाही, पण वाकून पाया पडला. लडकूने त्याच्या पाठीवर हात ठेवला, पिठाचा होता तसाच. रुपालीने वाटीभर कडवे वाल पदराला गाठ मारून घेतले होते. रिकामी बॅग मागच्या सीटवर टाकून ते गेले.

लडकूने खाट पडवीत उन्हाला ओढली. बाईजाला टेकवून बसवलं, पाय शालीत गुंडाळले. पोट भरल्यावर तिला झोप यायची. मान चांगल्या खांद्यावर टेकली आणि तिचा डोळा लागला.

मग तो आत आला. सकाळपासून त्याच्या पोटात चहाशिवाय काही नव्हतं. टोपलीत अर्धी भाकरी होती. पातेलं वाकडं करून बघितलं तर तळाला थोडा रस्सा आणि सात-आठ डाळिंब्या. एवढ्यासाठी ताट कशाला घ्यायचं? तो पातेलं घेऊन उंबऱ्यावर बसला. भाकरीचा तुकडा त्याने कडेकडेने फिरवला, चिकटलेला मसाला पुसून घेतला आणि तोंडात घातला.

बाईजा रोज सगळ्यांच्या मागून अशीच जेवायची, उंबऱ्यावर बसून, पातेल्यात. बेचाळीस वर्षं त्याला वाटत होतं, तिला तसंच आवडतं.