तीन-शून्य

१९६४ साल, मे महिन्यातला रविवार. केरमाद गावच्या मैदानावर सामना सुरू व्हायला दहा मिनिटं उरली होती आणि आर्मेल पाहुण्या संघाची खेळाडूपत्रं तपासत होती. गावच्या पोस्टात ती कारकून, रविवारी फुटबॉल क्लबची चिटणीस. शेवटचं पत्र हाती आलं आणि ती थबकली. जोब मोर्व्हानच्या पत्रावर खेळायला तंदुरुस्त असल्याचा डॉक्टरचा शिक्काच नव्हता.

समोर पाहुण्या ट्रेव्हेन गावच्या क्लबची चिटणीस लेओंतिन उभी होती. ती तिथल्या पाववाल्याची बायको. दोन्ही गावं एकमेकांना पाण्यात पाहायची, पण या दोघी चौदा वर्षं एकाच बाकावर बसून सामने बघत आल्या होत्या.

"अगं बाई!" लेओंतिननं कपाळाला हात लावला. "जोब लष्करातून सुटून आला, त्याच आठवड्यात माझी आई गेली. राहूनच गेलं बघ."

तेवढ्यात केरमादचे अध्यक्ष, खाटीक गुर्मेलोन, मागून डोकावले. "लिही पोरी, हरकत लिही. हरलो तर उपयोगी पडेल."

"अहो, जोब घोड्यासारखा धडधाकट आहे!" लेओंतिन म्हणाली.

"मग घोड्याच्या डॉक्टरचा शिक्का आणायचा होता!"

आर्मेलनं हरकत लिहिली. सामना ट्रेव्हेननं दोन-एक असा जिंकला. दोन्ही गोल जोबचे.

नुसत्या लिहिण्यानं काही होत नसे. अठ्ठेचाळीस तासांच्या आत जिल्हा संघटनेला रजिस्टर पत्र पाठवलं नाही, तर हरकत आपोआप रद्द. निघताना लेओंतिन रुमाल बांधत हसली. "मंगळवार दुपारची मुदत ना? म्हणजे पोस्टाच्या खिडकीत तूच. मग मला कसली काळजी!"

घरी आर्मेलचे वडील एफ्लाम अंथरुणाला खिळलेले होते. चाळीस वर्षांपूर्वी गावच्या फादरबरोबर त्यांनीच हा क्लब काढला होता. चाळीस वर्षांत तो तळाच्या गटातून एकदाही वर चढला नव्हता; आजचा सामना जिंकला असता तर चढला असता.

"हरलो का गं?"

"हरलो, बाबा." मग न राहवून तिच्या तोंडून निघून गेलं, "पण अजून निकाल लागायचाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हाताऱ्यानं दाढीचं पाणी मागितलं. दोन महिन्यांत पहिल्यांदा.

मंगळवारी हरकतीचं पत्र तिच्या खणात होतं. सकाळभर गुर्मेलोन फिरकले नाहीत, दुसरंही कुणी काही बोलायला आलं नाही. कुणी जबरदस्ती केली असती, तर पुढे स्वतःला सांगायला बरं पडलं असतं. बाराची डाक निघायला दहा मिनिटं उरली असताना तिनं खण उघडला, पत्रावर शिक्का मारला आणि ते थैलीत टाकलं.

तीन आठवड्यांनी निकाल आला. नियमानुसार केरमाद तीन-शून्य विजयी, वरच्या गटात दाखल. ती धावत घरी गेली.

"चढलो, बाबा! तीन-शून्य!"

एफ्लाम कोपरावर रेलून उठले. डोळे लकाकत होते. "शाब्बास! म्हणजे सामना पुन्हा झाला! गोल कुणी मारले?"

आर्मेल पांघरूण सारखं करू लागली.

"पोरी, मी विचारतोय, मारले कुणी?"

तिनं सगळं सांगितलं. म्हाताऱ्यानं ते ऐकून घेतलं. "जोबचा बाप माझ्याविरुद्ध खेळायचा," एवढंच म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

नवा मोसम सुरू व्हायच्या आत, ऑगस्टमध्ये, ते गेले. वरच्या गटात केरमाद बावीसपैकी एकोणीस सामने हरला आणि वर्षभरात खाली आला. गुर्मेलोन सरपंचपदासाठी उभे राहिले, पडले, आणि म्हातारपणी मुलीकडे लोरियाँला राहायला गेले. जोबनं पुन्हा फुटबॉलचे बूट घातले नाहीत. सँ-नाझेरच्या जहाज कारखान्यात तो वेल्डर झाला. ट्रेव्हेनचा क्लब दोन वर्षांत मोडला. त्या मैदानात आता मका असतो.

लेओंतिननं आर्मेलबद्दल कधी कुणाजवळ वाईट शब्द काढला नाही. चर्चमध्ये दिसली की मान हलवायची, परक्या माणसाला हलवावी तशी. १९९१ पर्यंत तिनं दुकान चालवलं. बारा वर्षांनी ती वारली.

केरमादला पाववाला नाही. ट्रेव्हेनचं दुकान सायकलनं दहा मिनिटांवर. आता तिथं दुसरं कुटुंब आहे. पण आर्मेल त्या सामन्यानंतर तिकडे कधी गेली नाही. मंगळवारी आणि शुक्रवारी पावाची गाडी गावात येते, तिच्यावरचा पाव ती घेते. शुक्रवारचा पाव सोमवारपर्यंत दगड होतो. तुकडा कॉफीत बुडवायचा आणि तो मऊ व्हायची वाट बघत बसायचं.