कुंपणाचा कोट

थोरले मास्तर आणि धाकटे मास्तर या सख्ख्या भावांचा अकरा वर्षांचा अबोला एका मंगळवारी सकाळी सव्वानऊ वाजता संपला. पण तसं काही घडलंच नाही, असं दोघेही छातीवर हात ठेवून सांगतात. तेव्हा आपणही ते घडलं नाही, असंच धरून चालू.

दोघे शिंपी. पूर्वी दुकान एकच होतं. एका कोटाची उजवी बाही थोरल्यांनी शिवली, डावी धाकट्यांनी, आणि दोहोंत अर्ध्या इंचाचा फरक निघाला. डावी आखूड की उजवी लांब, यावर जे वाजलं ते दुकानाची दोन दुकानं झाली तरी मिटेना. गिऱ्हाईक बिचारं अजून एक हात खिशात घालून हिंडतं.

घरं मात्र शेजारीशेजारीच, मधे पुरुषभर उंचीचं हिरवं कुंपण. ज्याची बाजू त्याने कातरायची, हेही न बोलताच ठरलेलं. आणि शिंपीच ते! दोघांनी आपापल्या बाजूने कुंपण कोटासारखं बेतलं. खांदे ऐसपैस, कंबर चापून, खाली निमुळतं. खांद्यांच्या सावलीत खालच्या फांद्यांना ऊन मिळेना. पानं झडत गेली आणि बघता बघता कुंपण गुडघ्यापर्यंत उघडं पडलं.

धाकट्यांना पलीकडचे पाय दिसू लागले. बघायचं नाही असं पक्कं ठरवून ते रोज सकाळी बघू लागले. दादाचा उजवा पाय जागच्या जागी मशीन चालवतोय, म्हणजे कुठला तरी गळा जमत नसणार. डावा पाय हल्ली ओढत पडतोय. मग दोन दिवस पाय आलेच नाहीत, तेव्हा धाकट्यांना जेवण जाईना.

"अहो, उकिडवे बसून काय बघताय?" बायकोने विचारलं.

"मुळं."

"बरं. मुळांनी आज कुठल्या चपला घातल्यात?"

तिसऱ्या दिवशी पाय आले, आणि कुंपणाखालून करड्या दोऱ्याचं रीळ घरंगळत आलं, सुईसकट. धाकट्यांच्या विजारीची शिवण पायाशी उसवली होती. दोऱ्याचा रंग तंतोतंत जुळत होता. म्हणजे दादाही बघतो! एखादा विरघळला असता. धाकटे भडकले. "शिंप्याला शिवण शिकवतो?" असं म्हणत त्यांनी त्याच दोऱ्याने विजार शिवली आणि माळीणबाईंना बोलावणं धाडलं.

"खालून बंद करा. पलीकडची मुंगीसुद्धा दिसता कामा नये."

माळीणबाईंनी एक फेरी मारली. "कापलंय कुणी हे? शिंप्याने?"

"दोन शिंप्यांनी."

"वाटलंच. याला कोट नको, झगा घाला. वर अरुंद, खाली घेर. म्हणजे खालपर्यंत ऊन पोचेल. पण आधी गुडघ्याइतकं छाटायचं, तर बुडातून फुटवा येईल."

धाकटे चपापले. पाय झाकायचे, तर आधी तोंडं उघडी पडणार!

माळीणबाई पलीकडे जाऊन निरोप घेऊन आल्या. "कापा म्हणालेत. पण बोलणार नाहीत म्हणे."

"मी तरी कुठे मरतोय बोलायला?"

मंगळवारी शेवटची फांदी पडली. समोर दादा. पार पिकलेला, हातात काठी. थोरल्यांनी धाकट्यांना नखशिखांत न्याहाळलं.

"डावी बाही आखूड आहे."

"या शर्टाची, की तेव्हाची?"

"दोन्ही."

"उजवी लांब होती, दादा!"

तिथून जे सुरू झालं ते जेवणं थंड झाली तरी थांबेना. दुसऱ्या दिवशी दोघांनी खुर्च्या आणल्या. हे बोलणं नव्हे, भांडण आहे, अबोला जिथल्या तिथे आहे, असं दोघांनीही आपापल्या घरी स्पष्ट केलं.

घोळ इतकाच की माळीणबाईंचा झगा अंगी लागला. कुंपण बुडापासून गच्च भरलं आणि कमरेच्या वर आलं. "आणखी वर्षभरात एकमेकांचं तोंड दिसायचं नाही," त्या कौतुकाने म्हणाल्या. थोरले खुर्चीत उशी घालून बसू लागले. कात्री दोघांच्याही हाताशी होती. पण आधी उचलेल तो हरला. शेवटी धाकट्यांनी कागद घेतला.

"मा. अधीक्षक, उद्यान विभाग, यांस. विषय: कुंपणाच्या वाढत्या उंचीबाबत. महोदय, सदर कुंपण उभय पक्षांची संमती न घेता वाढत आहे. ते कापण्याची कोणाचीही इच्छा नाही, तसेच ते वाढावे अशीही नाही. मापात अर्धा इंच इकडेतिकडे झाल्यास आमची तक्रार राहणार नाही. तरी सदर कुंपणास गुडघ्यापेक्षा उंच न होण्याबाबत आपल्या स्तरावरून लेखी समज देण्यात यावी, ही नम्र विनंती."