भिंतीवरचा अनुपम

आमचा अनुपम मालिकांत मरतो. कधीमधी नाही, नेहमीच. हिरोईनचा नवरा, हिरोईनचा भाऊ, हिरोईनचे तरुणपणीचे वडील, काय म्हणाल ते. पहिल्या भागात गाडी घेऊन घाटात जातो, आणि मग मालिका संपेपर्यंत दिवाणखान्याच्या भिंतीवर चंदनाचा हार घालून हसत बसतो. मुंबईत एवढ्या चपला झिजवल्यावर एका दिग्दर्शकानं त्याला सांगितलं म्हणे, "तुझ्या चेहऱ्याला हार शोभतो." घ्या! आईनं तूप चोपडून पोळ्या खाऊ घातल्या, त्या यासाठी. एका सिनेमातही होता. वरातीला रस्ता दाखवणारा माणूस. पाठमोरा.

मी नंदा, त्याची थोरली बहीण. जबलपुरात शाळेत पोरांना गणित शिकवते आणि घरी बापूंना सांभाळते. दोन्हीकडे आरडाओरडा सारखाच.

बापू म्हणजे आमचे वडील. इथल्याच रांझी भागातल्या फॅक्टरीत जन्म काढला त्यांनी. अनुपमसाठीही तिथंच शब्द टाकून ठेवला होता, आणि हे चिरंजीव भरतीच्या परीक्षेच्या आदल्या दिवशी मुंबईच्या गाडीत जाऊन बसले. तेव्हापासून कोणी विचारलं की बापूंचं उत्तर ठरलेलं. "मुंबईला आहे, कंपनीत." कोणत्या कंपनीत? "मोठी आहे." नट हा शब्द त्यांच्या तोंडून कधी निघाला नाही. पोरगा नट नाही, जसा काही दरोडेखोर झाला.

पण संध्याकाळी मालिका लागली की टीव्हीसमोरची खुर्ची यांचीच. समोर पेपर उघडा, नजर पेपरच्या वरून. एकदा सेटवाल्यांनी तो फोटो दुसऱ्या भिंतीवर नेला आणि अर्धा कपाटामागं गेला. त्या दिवशी बापू नीट जेवले नाहीत. "काहून सरकवला असंल त्याला? खिळा निघाला काय?" मी म्हटलं, फोन करून विचारा ना पोराला. लगेच पेपर वर.

यंदा गणपतीत मराठी मंडळानं अनुपमचा सत्कार ठरवला. म्हणजे आधी एका मोठ्या साहेबांना बोलावलं होतं. ते नाही म्हणाले, तेव्हा सचिव भय्यासाहेबांना आमचा भूमिपुत्र आठवला. अनुपमचा मला फोन आला. "ताई, मी येतो. पण शाल बापूंच्या हातून पाहिजे. चारचौघांत एकदा म्हणू दे त्यांना, माझा मुलगा नट आहे. बस, मला दुसरं काही नको."

आवाज भरून आला होता त्याचा. तो अभिनय नव्हता. रडायचं काम त्याला कोणी कधी दिलंच नाही; त्याच्यासाठी बाकीचे रडतात.

बापूंना सांगितलं तर म्हणाले, "माझे गुडघे दुखून राहिले. स्टेज चढणं होत नाही मला."

"आणि काल गढ्याच्या बाजारात पायी गेलात, तेव्हा कोणाचे गुडघे नेले होते?"

बापूंनी पेपर उघडला. विषय संपला.

इकडं भय्यासाहेबांनी रांझीपासून चेरीतालपर्यंत फ्लेक्स लावले. फोटो घेतला इंटरनेटवरून, आणि इंटरनेटवर आमच्या बाळाचा मोठा, स्वच्छ फोटो एकच: मालिकेतला, हारासकट. मी फोनवर ओरडले, तर भय्यासाहेब शांतपणे म्हणतात, "नंदाताई, सत्कार आहे, मग हार तर राहीलच ना! उलट किती भारदस्त दिसून राहिले!" वर लिहिलं होतं, 'जबलपूरचे लाडके सुपुत्र'. खाली कार्यक्रमाची माहिती होती, पण रांझीच्या चौकात ती फुलकीवाल्याच्या, म्हणजे पाणीपुरीवाल्याच्या, ठेल्यामागं गेली. बापूंना मी यातलं काहीच सांगितलं नाही. म्हटलं, आधीच गुडघे दुखून राहिले त्यांचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी बापू पोहे खात होते, तोच बाबाराव आले, फॅक्टरीतले त्यांचे जुने सोबती. मागं पाच-सहा जण पांढऱ्या कपड्यांत, बायांचे पदर डोक्यावर. बाबारावांनी बापूंना मिठीच मारली. "बापू, काय झालं हो हे! जवान पोरगा! भगवान को भी यही मिला था?"

बापूंच्या हातून बशी सुटली.

"काही झालं नाही त्याला!" मी ओरडले. "आत्ताच बोलले मी. स्टेशनवर उतरलाय. चौकातला तो फोटो मालिकेतला आहे."

बापू मटकन खुर्चीत बसले. बाबारावांनी डोळे पुसले आणि त्यांना कोडं पडलं. "मालिकेतला? पण हा तर कंपनीत आहे ना, बापू? मग त्याचा फोटो मालिकेत काहून?"

सगळे बापूंकडे बघायला लागले. मी तोंडावर बोट ठेवून उभी राहिले. मुद्दाम. बोला म्हटलं आता, केवढी मोठी कंपनी आहे ते.

"ते... कंपनीनंच पाठवलं असंल," बापू पुटपुटले.

हात टेकले मी.

तेवढ्यात फाटकाशी ऑटो थांबला. अनुपमनं दारातला चपलांचा ढीग पाहिला, पांढरे कपडे पाहिले, माझं तोंड पाहिलं, आणि बॅग तिथंच टाकून "बापू!" करत धावत आला. उंबऱ्यात अडखळून पडला, माणसांच्या घोळक्याआड बसलेले बापू त्याला दिसलेच नाहीत, आणि तिथंच हंबरडा फोडला. "थोडं थांबायचं होतं ना, बापू! मी येतच होतो ना!" नाक, डोळे, सगळं वाहून राहिलं होतं. आलेल्या बायाही रडायला लागल्या. कोण मेलं हे कोणालाच माहीत नव्हतं, तरी.

दुखऱ्या गुडघ्यांचे बापू ताडकन उठले. "अरे, जिवंत आहे मी! हे बघ!" खाली बसून त्यांनी त्याचं डोकं छातीशी घेतलं. मग बापूंनी मान वर करून सगळ्यांकडे पाहिलं.

"कंपनी-बिंपनी काही नाही," ते म्हणाले. "एक्टर है मेरा लड़का. नट आहे. पाहिलं ना कसा रडतो ते? मग सांगा मला, ते येडे याला फोटोतच काहून बसवतात?"

हे ऐकून अनुपम आणखीच रडायला लागला.

"अब चुप हो जा, बेटा," बाबाराव त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले.

बापूंनी त्यांचा हात बाजूला केला. "रडू द्या त्याला. तिकडं कोणी रडू देत नाही."