हरिरामसाहेबांचं घड्याळ

घड्याळ थांबलं, आणि वखारीत बसलेल्या सगळ्या माणसांनी एकदम श्वास रोखून धरला.

बोईसर स्टेशनच्या मागच्या या वखारीत पूर्वी गवताच्या गाठी ठेवत. व्यापारी ती सोडून गेला आणि तिथे घड्याळबाबा येऊन बसला. चुना मारलेल्या भिंतीवर एकाच खिळ्याला एक लांबोडकं लाकडी घड्याळ टांगलेलं होतं. वर रोमन आकड्यांची तबकडी, खाली काचेआड लंबक. घड्याळाला गंध, घड्याळाला हार, घड्याळापुढे नारळांची रास. तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम जोरात होतं. तिथले घाटावरून आलेले फिटर, मराठवाड्यातले गवंडी, मनोरकडच्या डोंगरांतून खडी वाहायला उतरलेले वारली, सगळे रविवारी आपापली दुखणी घेऊन या यंत्रापुढे हात जोडून बसत.

"कोणाच्या अंगात सुई आहे?" बाबा गरजला. "साहेबांना सुईचा वास आला! बोला, कोणी टोचून घेतलंय?"

पुढच्या रांगेतली कमळी उभी राहिली. तिचा नवरा भिका मान खाली घालून बसलेला.

दाराशी उभ्या असलेल्या नर्मदाबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. त्या दवाखान्यातल्या नर्स. कमळीला क्षय होता, आणि तिला इंजेक्शनं देण्याचं काम त्यांच्याकडे होतं. ताप उतरला होता, थुंकीतलं रक्त थांबलं होतं, पोरीच्या गालांवर जरा मांस दिसायला लागलं होतं. आणि एकाएकी ती यायचीच बंद झाली. नर्मदाबाई तिला शोधत इथवर आल्या, तर पोरगी पुन्हा वाळलेली, पदराच्या टोकाला लाल डाग.

बाबा मात्र रंगात आला होता. "हे घड्याळ साधंसुधं नाही! शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत एक महापुरुष होऊन गेले. नाव हायरम टॉलकट. हायरम म्हणजे कोण? आपले हरिराम! गरिबाचं लेकरू. खेचरावर घड्याळं लादून दारोदार विकली, पुढे कारखाना काढला. घरात सोन्यासारखी बायको आणि सहा लेकरं. एक दिवस यम दारात उभा राहिला. साहेबांनी काय केलं? हात वर केला आणि घड्याळ थांबवलं! यम म्हणाला, वेळच नाही तर मी न्यायचं कधी? गेला परत, रेड्यावर बसून. सहाही लेकरं म्हातारी होऊन, नातवंडं खेळवून गेली. तेच हे घड्याळ!"

अमेरिकेत यम रेड्यावरून कसा फिरत होता, हे कोणी विचारलं नाही. महिनाभर जहाजात बसून रेडाही गेला असेल बहुतेक.

हा बाबा म्हणजे मूळचा बन्सी. अमेरिकन इंजिनिअर राहायला आले त्या वसाहतीत एका साहेबाकडे तो अंडी तळायचा. तिथे चार इंग्रजी शब्द शिकला, भंगारातून हे घड्याळ उचललं, दाढी वाढवली आणि देव होऊन बसला. उपायही झकास काढला होता. घड्याळाचं तेल छातीला चोळायचं आणि सुई, गोळी, डॉक्टर यांचं नाव काढायचं नाही. त्या तेलाचा रॉकेलसारखा वास दारापर्यंत येत होता.

"कमळे, चल माझ्याबरोबर," नर्मदाबाई मोठ्याने म्हणाल्या.

बाबाने वळून पाहिलं. "बघा! सुईवालीच आत आली. साहेब उगीच रुसले काय?"

गर्दी गुरगुरली. रामकिसन नावाचा एक फिटर उठून आडवा आला. "बाई, शिकलेल्या आहात, मान्य. पण डोळ्यांसमोर घड्याळ थांबलं ना? आता निघा इथून."

"शपथ घे," बाबा कमळीला म्हणाला. "सुईला शिवणार नाही म्हण."

कमळीने खोकत खोकत शपथ घेतली. बाबाने हात पाठीमागे बांधले, पुढे होऊन घड्याळाच्या खालच्या टोकाला कपाळ टेकवलं, आणि मागे सरला. टक्, टक्, टक्. लंबक हलू लागला. वखारीत जयजयकार उठला. नर्मदाबाईंना कोणीतरी दंडाला धरून बाहेर काढलं.

संध्याकाळी त्या मजुरांच्या झोपड्यांकडे गेल्या. भिका दारात बसला होता. आतून खोकल्याचा आवाज येत होता.

"भिका, तिला मारतोयस तू," त्या सरळच म्हणाल्या.

"बाई, असां नका बोलू." भिका म्हणाला. "माजी बायको हाय ती. मला काय ती नको झाली? तुमी सुई देता, बरां हाय. पन घड्याल कोनी हात न लावता थांबलां, न हात न लावता चाललां. मी माज्या डोल्यांनी बगलां. तुमी नाय बगलां?"

"बघितलं."

"मग सांगा, कसां थांबलां?"

आतून कमळी म्हणाली, "बाई, सुईनं मला बरां वाटत होतां. पन सायेब रागावला तर यांच्या न पोराच्या मागं लागंल ना." 

तिला स्वतःच्या जिवाची नव्हे, घरादाराची भीती घातली होती त्या हरामखोराने. परत येताना नर्मदाबाईंना संताप आवरेना, आणि तो निम्मा स्वतःवरच होता. भिकाने रास्त प्रश्न विचारला होता. त्याला 'अडाणी' म्हणून मोकळं होणं सोपं होतं. उत्तर द्यायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात बाह्य रुग्ण पांगल्यावर त्या भिंतीवरच्या घड्याळापुढे उभ्या राहिल्या. हेही लंबकाचंच होतं. बाबाने काय केलं ते त्यांनी पुन्हा आठवलं. हात मागे. मग लागलं काय? कपाळ. त्यांनी हात मागे बांधले आणि घड्याळाच्या खालच्या टोकाला डोकं टेकवून हळूच एका बाजूला रेटलं. घड्याळ खिळ्यावर किंचित तिरकं झालं.

"सिस्टर," मागून कंपाउंडर म्हणाला, "तुम्ही पण?"

"गप्प राहा. ऐका."

टकटक लंगडी झाली. एक ठोका लांब, एक आखूड. लंबक थोडा वेळ रखडत हलला आणि थांबला. नर्मदाबाईंनी पुन्हा डोकं टेकवून घड्याळ सरळ केलं. त्या धक्क्याने लंबक हलला आणि घड्याळ मुकाट्याने चालू लागलं. कंपाउंडरने आ वासला. लंबकाचं घड्याळ सरळ टांगलेलं असेल तरच चालतं, तिरकं झालं की अडखळून बंद पडतं, एवढीच ती जादू होती. तिरकं केल्यावर ते थांबेपर्यंत जो वेळ जाई, तेवढ्यात बाबा मंत्र पुटपुटून घेई.

पुढच्या रविवारी नर्मदाबाई पिशवी खांद्याला अडकवून पुन्हा वखारीत गेल्या. त्या दिवशी गर्दी उतू चालली होती, कारण एक खराखुरा अमेरिकन आला होता. डॉब्स नावाचा उंच, उन्हाने तांबडा झालेला फोरमन. आपल्या गावचं घड्याळ इथे आहे असं त्याच्या कानावर गेलं होतं, म्हणून तो बिचारा कुतूहलाने पाहायला आला होता. बाबाला तर आयतंच घबाड मिळालं.

"साहेबांच्या गावचे साहेब दर्शनाला आलेत! ते बोलतील, मी सांगतो."

डॉब्सने घड्याळाकडे पाहिलं आणि तो हसला. इंग्रजीत म्हणाला, "हे टॉलकटचंच आहे. माझे आजोबा त्या कारखान्यात घड्याळांच्या पेट्या बनवायचे."

"साहेब म्हणतात," बाबा ओरडला, "यांचे आजोबा हरिरामसाहेबांचे पट्टशिष्य होते!"

गर्दीने हात जोडले. नर्मदाबाई मिशनच्या इस्पितळात शिकलेल्या, त्यांना शब्द न् शब्द कळत होता. डॉब्सच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं. "टॉलकट फार दुर्दैवी माणूस," तो म्हणाला. "आमच्या शाळेच्या वाटेवरच त्या कुटुंबाच्या कबरी आहेत. बायको क्षयाने गेली. मग मुलं, एकामागून एक. सहांतली पाच. सगळी क्षयानेच."

"साहेब म्हणतात, सहाही लेकरं सुखरूप राहिली! आठवणीने साहेबांचे डोळे भरून आले बघा!"

"खोटं बोलतोय हा!" नर्मदाबाई पुढे झाल्या. रामकिसन पुन्हा आडवा आला, तशा त्या त्याच्यावरच कडाडल्या, "हो बाजूला! मला बाहेर काढायचं तर नंतर काढ. आधी ऐक." त्यांनी डॉब्सला इंग्रजीत विचारलं, "तुम्ही आता जे म्हणालात ते सावकाश पुन्हा सांगाल का? हा माणूस लोकांना भलतंच सांगतो आहे."

डॉब्सने बाबाकडे पाहिलं. "हा बन्सी का? हा आमच्याकडे अंडी करपवायचा." आणि मग तो सावकाश बोलत गेला, आणि नर्मदाबाई एकेक वाक्य मराठीत सांगत गेल्या. बायको कशी गेली. थोरला मुलगा कसा खोकत खोकत गेला. मग दोघी बहिणी एकाच हिवाळ्यात. मोठमोठे डॉक्टर आणले, पैसा पाण्यासारखा ओतला. त्या काळी या रोगावर औषधच नव्हतं. पाचवं मूल गेलं तेव्हा घरातली सगळी घड्याळं टकटकत होती. म्हाताऱ्याने ती सगळी घराबाहेर काढायला लावली, आणि मरेपर्यंत घरात एकही घड्याळ ठेवलं नाही.

पुढच्या रांगेतल्यांनी जोडलेले हात खाली घेतले.

"खोटं!" बाबा किंचाळला. "ही बाई या गोऱ्याला फितवून आली आहे! आत्ता हरिरामसाहेबच न्याय करतील!" त्याने लगबगीने घड्याळाला कपाळ टेकवलं आणि मंत्र पुटपुटायला लागला. टकटक लंगडी झाली. घड्याळ थांबलं.

"बघा!"

"बघितलं," नर्मदाबाई म्हणाल्या. "भिका, इकडे ये. घाबरू नकोस, मी उभी आहे. हात पाठीमागे घे. आता त्याच्यासारखंच कपाळ टेक, आणि डोक्याने घड्याळाचं खालचं टोक जरा उजवीकडे रेट. बस."

भिकाने भीत भीत डोकं टेकवलं. टक्, टक्, टक्.

"आता डावीकडे."

भिकाने रेटलं. ठोके अडखळले. सगळी वखार कान देऊन ऐकत होती. लंबक रखडला आणि थांबला. भिका मागे सरकून स्वतःच्या कपाळाला हात लावून पाहत राहिला.

"ही भिंत बघा," नर्मदाबाई म्हणाल्या. घड्याळाच्या खालच्या टोकाशी, दोन्ही बाजूंना, भिंतीचा चुना घासून निघाला होता. "दर रविवारी कपाळाने रेटून हे झालंय. रामकिसन, तू फिटर आहेस. तूच सांग, हा देव आहे की खिळ्यावर तिरकं टांगलेलं लाकूड?"

रामकिसनने जवळ जाऊन घासलेल्या चुन्यावर बोट फिरवलं. त्याने एकवार बाबाकडे पाहिलं, आणि बाबाच्या तोंडचं पाणी पळालं.

"अरे, मी तर लोकांचं भलंच..." बन्सी मागच्या दाराकडे सरकत म्हणाला. दोन गवंड्यांनी त्याची दाढी धरली.

"सोडा त्याला, पोलीस बघतील," नर्मदाबाई म्हणाल्या. "आणि सगळा दोष त्याच्या एकट्याच्या माथी मारू नका. त्याने एक घड्याळ तिरकं केलं. डोकी तुम्ही आपण होऊन गहाण टाकलीत. घड्याळ थांबलं तर का थांबलं, एवढं तरी विचारायचं! हा भिका वखारीत येणाऱ्यांत एकटा शहाणा निघाला, त्याने मला विचारलं."

कमळी भिंतीला धरून उठली. "बाई, त्या सायेबाचीं पोरां मंजे... याच रोगानं मेलीं? माज्याच?"

"तुझ्याच रोगाने."

"येवढा मोटा कारखाना आसून?"

"औषधच नव्हतं ग जगात." नर्मदाबाईंनी पिशवीतून औषधाची छोटी बाटली काढली आणि सगळ्यांना दिसेल अशी वर धरली. "ही एवढीशी बाटली कोणी आणून दिली असती, तर त्या माणसाने कारखाना, घरदार, सगळं तिच्यावरून ओवाळून टाकलं असतं. पाच मुलं पुरली त्याने हिच्यावाचून. तुम्हाला ती फुकट मिळते, आणि तुम्ही त्याच्याच घड्याळाला भिऊन तिच्यापासून पळता. माणसांनी वर्षानुवर्षं डोकं चालवलं, चुका केल्या, पुन्हा शोधलं, तेव्हा हे औषध निघालं. हात जोडायचे तर डोकं चालू ठेवून जोडा."

कमळीने बाही वर सारली. स्टोव्हवर उकळून आणलेली सुई नर्मदाबाईंनी डबीतून काढली. खोकल्याने हैराण झालेले आणखी दोघे-तिघे घड्याळापुढे घुटमळत उभे होते.

"तिकडे काय बघताय?" नर्मदाबाई म्हणाल्या. "उद्या सकाळी दवाखान्यात या, तपासून घ्या. रांग तिथे लावा."